एकास पंचवीस

डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी काही वर्षांपूर्वी भारतात येताना बुटाच्या खोक्यात घालून एक मोडकी मोटार आणली. शेजारच्या घरी जुन्या सामानाची विक्री होती, तिथे ती त्यांना डॉलरभराला मिळाली होती. वीतभर लांबीची, १९६३ सालच्या फोर्ड गॅलक्सीची ही प्लॅस्टिकची प्रतिकृती. साठच्या दशकात कोण्या मुलाने किटमधले सुटे भाग जोडून ती केली असणार. एक चाक नाही, मागचा बंपर नाही, जाड कुंचल्याने फासलेला लाल रंग ठिकठिकाणी ओघळून वाळलेला. आणि समोरच्या काचेवर, आतल्या बाजूने, अंगठ्याचा एक स्वच्छ ठसा. काच म्हणजे अर्थात पारदर्शक पॉलिस्टायरीन. या खेळातला गोंद प्लॅस्टिकला नुसता चिकटत नाही, तो त्याला विरघळवतो. आणि विरघळलेल्या पृष्ठावर जे उमटते ते पुसून जात नाही.

स्नेह्यांनी सहज विचारले, ‘आता ही दुरुस्त करणार की अशीच ठेवणार?’ प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर शोधण्यासाठी या वस्तूंच्या इतिहासात डोकावू लागलो, तेव्हा आम्हांला तिथे आपल्याच शास्त्रातले शब्द भेटत गेले: मूळ प्रत, नक्कल, आवृत्ती, प्रक्षेप, गळालेला पाठ. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या मंडळींना हा इतिहास फार परका वाटू नये, असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

ही वस्तू जन्माला आली ती जाहिरात म्हणून. दुसरे महायुद्ध संपले, अमेरिकेत मोटारींचे कारखाने रणगाड्यांवरून पुन्हा मोटारींकडे वळले, आणि गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हाती देण्यासाठी विक्रेत्यांना काहीतरी हवे होते. वेस्ट गॅलॉग्ली नावाच्या एका वकिलाने १९४८ मध्ये डेट्रॉइट परिसरात एएमटी ही कंपनी काढली. या आद्याक्षरांमागचा शब्द ‘अ‍ॅल्युमिनियम’ असा आहे, कारण तिची पहिली फोर्ड अ‍ॅल्युमिनियमची होती. लवकरच प्लॅस्टिक आले. नाव मात्र धातूचेच राहिले. या नमुन्यांना ‘प्रोमो’ म्हणत. ते जोडून, रंगवूनच येत, आणि रंगही त्या वर्षीच्या खऱ्या मोटारीच्या रंगांशी जुळवलेले असत. मोटार कंपन्या नव्या वर्षाच्या गाडीची रेखाचित्रे गाडी बाजारात येण्यापूर्वीच या छोट्या कारखान्यांना विश्वासाने देत, म्हणजे शरद ऋतूत मोठी गाडी आणि छोटी गाडी एकाच दिवशी दुकानात उभी राहू शके. इंग्लंडातही आरंभ याच वळणाने झाला, हा योगायोग मजेशीर आहे. निकोलस कोव्ह या हंगेरियन स्थलांतरिताच्या एअरफिक्स कंपनीने १९४९ मध्ये पहिली प्रतिकृती केली ती फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरची, आणि तीही कंपनीच्या विक्रेत्यांसाठी.

सुटे भाग देऊन ‘तुम्हीच जोडा’ म्हणण्याची कल्पना त्या मानाने नंतरची. कॅलिफोर्नियातल्या रेव्हेलने पन्नासच्या दशकाच्या आरंभी ‘हायवे पायोनियर्स’ या नावाने जुन्या, विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या मोटारींची किटे आणली आणि ती अफाट खपली. त्या मालिकेतल्या गाड्या गतकाळाच्या होत्या, आजोबांच्या आठवणीतल्या. एएमटीने १९५८ मध्ये जे केले ते वेगळे होते. चालू वर्षाच्या प्रोमोचा साचा तयार होताच. त्याच साच्यातून निघालेले अंग न जोडता खोक्यात घालायचे, सोबत जास्तीचे भाग द्यायचे, आणि दीड-दोन डॉलरला विकायचे. हिशेब सरळ होता. साचा हीच या धंद्यातली सर्वांत महाग वस्तू, आणि तिचा खर्च आधीच झालेला. जास्तीच्या भागांमुळे एका खोक्यातून तीन गाड्या शक्य होत: कारखान्यातून आली तशी, शर्यतीची, किंवा हौशी कारागिराने कापून-सांधून घडवावी तशी. खोक्यावर ‘तिनात एक’ नव्हे तर ‘एकात तीन’ असे छापलेले असे. मुलाला एक निवडावी लागे, कारण गोंद लागल्यावर परत फिरता येत नाही. उरलेले भाग डब्यात पडत आणि पुढच्या गाडीला लागत. अशा उरलेल्या भागांचा डबा नसलेला प्रतिकृतिकार आम्हांला अजून भेटायचा आहे.

मापाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढे त्याची गरज पडेल. डेट्रॉइटच्या या परंपरेने एकास पंचवीस हे प्रमाण धरले. इतर अनेकांनी, आणि पुढे जपानी कंपन्यांनी, एकास चोवीस धरले. ते फूट-इंचांच्या हिशेबाला सोयीचे, कारण एका फुटाला बरोबर अर्धा इंच येतो. दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या तर पाहणाऱ्याला फरक चटकन कळत नाही. भाग एकीचे दुसरीला लावायला गेले की कळतो.

आता साच्याकडे येऊ, कारण या इतिहासाचे मर्म तिथे आहे.

अमेरिकन मोटारीचे रूप दरवर्षी बदलत असे. जनरल मोटर्सचे अल्फ्रेड स्लोन आणि त्यांचे आकारकार हार्ले अर्ल यांनी हे धोरण रुजवले: इंजिन तेच असले तरी चालेल, पण दिवे, जाळी, पंख, पट्ट्या बदला, म्हणजे कालची गाडी आज जुनी दिसेल. (कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून २००० सालापर्यंत जवळजवळ एकाच अंगाची गाडी बाहेर पडताना ज्यांनी पाहिली, त्या आपल्या पिढ्यांना ही वार्षिक घालमेल कल्पनेनेच जाणावी लागते.) मोठी गाडी बदलली की छोटी बदलणे भाग. पण दरवर्षी नवा पोलादी साचा परवडणार कसा? म्हणून गेल्या वर्षीचाच साचा घेत आणि त्यावर पुन्हा कोरत.

साचा म्हणजे गाडीची उलटी प्रत. गाडीवर जिथे उंचवटा, तिथे साच्यात खळगा. त्यामुळे गाडीवर नवी पट्टी हवी असेल तर साच्यातले पोलाद थोडे कोरून काढले की झाले. पण गाडीवरचा पंख घालवायचा असेल तर साच्यातला खळगा वितळलेल्या धातूने भरून, घासून, पुन्हा गुळगुळीत करावा लागे. भर घालणे सोपे, वगळणे कष्टाचे. १९६३ च्या गाडीचा साचा असा कोरून-भरून १९६४ चा होई, मग १९६५ चा. आणि ज्या क्षणी तो १९६४ चा झाला, त्या क्षणी १९६३ ची गाडी पुन्हा काढण्याची शक्यता संपे. मध्ययुगीन युरोपातले मठवासी चर्मपत्र खरवडून त्याच पानावर नवा मजकूर लिहीत, तसेच हे. फरक इतकाच की खरवडलेल्या चर्मपत्रात जुनी अक्षरे अंधूकपणे उरतात. पोलादात सहसा काही उरत नाही. क्वचित एखाद्या उशिराच्या आवृत्तीत दाराच्या कडेला जुन्या पट्टीची पुसट रेघ दिसते, आणि जाणकार तिच्यावर बोट ठेवून म्हणतो, ‘हा साचा अमुक साली तमुक होता.’ आम्ही अशी एक रेघ भिंगाखाली पाहिली आहे आणि त्या वेळी झालेला आनंद एखाद्या हस्तलिखिताच्या समासातली टीप वाचताना होणाऱ्या आनंदाहून उणा नव्हता.

याचा परिणाम असा, की त्या काळातल्या पुष्कळ ‘वार्षिक’ किटांचा मूळ स्रोत नाहीसा झाला आहे. उरल्या आहेत त्या फक्त प्रती: न उघडलेली थोडी खोकी, आणि मुलांनी जोडलेल्या, आपटलेल्या, कधी फटाक्यांनी उडवलेल्या अनेक गाड्या. ज्या साच्यांवर पुन्हा कोरले गेले नाही त्यांचे भाग्यही कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर अवलंबून राहिले. एएमटी १९७८ मध्ये मॅचबॉक्सवाल्या लेस्नीने घेतली. ऐंशीच्या दशकात ती आणि तिची प्रतिस्पर्धी एमपीसी अशा दोन्ही आयोवातल्या अर्टलकडे गेल्या. आज ती नावे राउंड टू या कंपनीकडे आहेत. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एकत्र आल्या. त्यांची नंतरची मालक कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि रेव्हेलचा कारभार आता जर्मनीतून चालतो. दरेक हस्तांतरात पोलादाचे जड ठोकळे मालगाड्यांतून, गोदामांतून फिरत राहिले. सत्तरच्या दशकात ऑरोरा कंपनीचे साचे नेणारी गाडी रुळांवरून घसरली आणि कित्येक साचे निकामी झाले, ही कथा संग्राहकांमध्ये इतकी सांगितली जाते की कुठले किट पुन्हा निघाले नाही तर त्याचे खापर त्या घसरलेल्या गाडीवर फुटते. प्रत्येक हरवलेल्या ग्रंथासाठी एक जळालेले ग्रंथालय लागतेच.

हे साचे कोणी घडवले? आधी गाडीचा मोठ्या मापाचा लाकडी नमुना कोरला जाई, आणि पेंटोग्राफ यंत्राचे एक टोक त्या नमुन्यावरून फिरवताना दुसरे टोक तोच आकार लहान करून पोलादात उतरवी. हे लाकूड कोरणारे लोक विलक्षण कसबी होते. त्यांची नावे खोक्यांवर नाहीत. खोक्यांवर नावे झळकली ती जॉर्ज बॅरिस यांच्यासारख्या प्रसिद्ध मोटारशिल्पकारांची, किंवा एड रॉथ यांची, ज्यांच्या विक्राळ उंदराने साठच्या दशकात रेव्हेलला भरपूर पैसा दिला. या प्रकरणी लेखकाचे नाव आणि लेखनिकाचे हस्ताक्षर यांच्यातले जुने अंतर तसेच आहे. आणि आमची सहानुभूती लेखनिकाकडे आहे हे लपवण्याचे कारण नाही.

इथे एका आक्षेपाला सामोरे जावे लागते, आणि तो आक्षेप सामान्य माणसाचा नाही. रोलां बार्थ यांच्या १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये खेळण्यांवर एक टिपण आहे, प्लॅस्टिकवर दुसरे आणि सित्रोएनच्या नव्या डीएस मोटारीवर तिसरे. ही तिन्ही एकत्र वाचली तर प्लॅस्टिकच्या मोटारींविरुद्ध आरोपपत्र जवळजवळ तयार होते. बार्थ यांचे म्हणणे थोडक्यात असे: आजची खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाच्या छोट्या नकला, त्या मुलाला ते जग निमूट स्वीकारायला शिकवतात, मूल त्यांचा मालक होते, वापरणारा होते, घडवणारा होत नाही. शिवाय ही खेळणी रसायनातून जन्मतात, लाकडासारखी मुलाबरोबर म्हातारी होत नाहीत, लवकर मरतात.

आरोपाचा पहिला अर्धा भाग आम्हांला मान्य आहे. विक्रेत्याच्या दुकानात बापाने गाडी घ्यावी आणि मुलाच्या हातात तिची छोटी नक्कल यावी, यात पुढचे गिऱ्हाईक घडवण्याचा हेतू उघड होता. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० पासून १९६८ पर्यंत चालवलेली ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही स्पर्धा तर याहून स्पष्ट. मुलांनी आधी राजेशाही बग्गीच्या आणि नंतर स्वप्नातल्या मोटारींच्या प्रतिकृती हाताने घडवायच्या, जिंकणाऱ्याला शिष्यवृत्ती. १९४७ चे विजेते चक जॉर्डन पुढे त्याच कंपनीच्या आकारविभागाचे प्रमुख झाले. म्हणजे खेळातून कारागीर आणि कारागिरातून नोकर, अशी ती साखळी. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. किटांच्या जाहिरातींतही मुलगा आणि बाप दिसतात, मुली क्वचितच. या इतिहासातले हे मौन मोठे आहे.

पण दुसरा अर्धा भाग टिकत नाही. बार्थ यांच्यासमोर तयार खेळणे होते. किट तयार नसते. खोक्यात गाडी नसतेच, असतात शंभर-सव्वाशे तुकडे, प्लॅस्टिकच्या दांड्यांना फळांसारखे लटकलेले. याच ठिकाणी क्लोद लेव्ही-स्त्रोस यांचाही एक विचार आठवतो. १९६२ च्या ‘ला पांसे सोवाज’ या ग्रंथात त्यांनी लघुप्रतिकृतीबद्दल असे म्हटले आहे की मोठी वस्तू आपण भागाभागाने जाणतो, छोटी वस्तू मात्र आधी अखंडपणे हाती येते. लहान होण्यात ज्ञानाचा क्रमच उलटतो. किट जोडणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो क्रम पुन्हा एकदा उलटतो. खोक्यावरच्या चित्रात पूर्ण गाडी असते, आणि हाती असतात भाग. आसांवर चाके, आसांवर कमानी, इंजिनावर पंखा असे करत त्याला त्या चित्रापर्यंत चालत जावे लागते. वाटेत गोंद चुकीच्या ठिकाणी लागतो. आमच्या गॅलक्सीच्या काचेवरचा अंगठा हा त्या वाटचालीचाच पुरावा. आणि प्लॅस्टिक म्हातारे होत नाही हे तर साफ चूक आहे. पन्नासच्या दशकातले प्रोमो सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते; ते हळूहळू आकसते आणि वाकते. आज त्या गाड्या पाहाव्यात: बॉनेट मध्येच दबलेले, डिकी उचललेली, सगळी गाडी केळ्यासारखी. साठच्या सुमारास पॉलिस्टायरीन आले आणि हा दोष गेला. पण त्याचेही आजार आहेत. मऊ व्हिनाइलच्या टायरांमधले द्रव्य पाझरून चाकाच्या प्लॅस्टिकला खाते; खोक्यात टायर आणि काच वर्षानुवर्षे एकमेकांना टेकून राहिली तर काचेवर टायरची नक्षी उठते. पांढरे भाग पिवळे पडतात. चमकदार भागांवरची चमक म्हणजे निर्वात पोकळीत वाफ करून बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा थर, तो झिजतो. बार्थ यांना हे कळायला प्लॅस्टिकचे वय तेव्हा पुरेसे झाले नव्हते, इतकेच.

नकलेने मूळ वस्तूपेक्षा जास्त जगावे, असेही घडते. क्रायस्लर कंपनीने साठच्या दशकात विमानासारख्या टर्बाइनवर चालणारी मोटार केली. अंग इटलीत तुरिनच्या घिया कारखान्यात घडले, रंग तांब्यासारखा. अशा ५५ गाड्या झाल्या. त्यांतल्या ५० गाड्या १९६३ पासून १९६६ पर्यंत आळीपाळीने २०३ कुटुंबांना वापरायला दिल्या. ती डिझेलवर चाले, रॉकेलवर चाले. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांपुढे ती टकीलावर चालवून दाखवली गेली. प्रयोग संपला आणि कंपनीने नऊ गाड्या वगळता सर्व नष्ट केल्या, जाळून आणि चेचून. कारणे वेगवेगळी सांगतात. पण त्याच काळात डेट्रॉइटच्या जो-हॅन कंपनीने या गाडीचे एकास पंचवीस मापाचे किट काढले होते, बॉनेटखालच्या टर्बाइनसकट, आणि तपशिलाच्या अचूकतेसाठी ते आजही नावाजले जाते. दोनशे तीन कुटुंबांच्या अंगणातून उचलून नेलेली गाडी हजारो मुलांच्या फळ्यांवर उभी राहिली. पुढे जो-हॅनचेही हात बदलले, तिचे साचे विखुरले. पण मूळ गाडी ज्यांनी चेचली त्यांच्या हाताबाहेर ही प्रत केव्हाच गेली होती. ग्रंथांच्या इतिहासात असे प्रसंग आपल्याला माहीत आहेत: मूळ भाषेतला ग्रंथ नष्ट आणि भाषांतर शिल्लक.

जपानचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही, जरी इथे तो थोडक्यातच करणार आहोत. शिझुओका शहरातली तामिया ही मुळात लाकडाची वखार. लाकडी प्रतिकृतींवरून ती प्लॅस्टिककडे वळली, आणि १९६० मधला तिचा पहिला प्लॅस्टिक प्रयत्न, ‘यामातो’ युद्धनौका, फसला. पण २०२५ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी निवर्तलेले शुनसाकू तामिया यांनी या धंद्याला जी शिस्त दिली तिला तोड नाही. १९७६ च्या पोर्शे ९३४ च्या किटसाठी त्यांनी जर्मनीची वारी केली, आणि तेवढ्याने समाधान होईना तेव्हा खरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचा सांधान् सांधा सुटा केला. डेट्रॉइटची छोटी गाडी कंपनीच्या रेखाचित्रावरून होई, म्हणजे ग्रंथ छापण्याआधी लेखकाने दिलेल्या टिपणावरून. तामियांची गाडी मूळ ग्रंथ ओळीओळीने वाचून झाली. जोडताना हा फरक बोटांना कळतो: तामियाचे भाग न घासता बसतात. जुन्या अमेरिकन किटांचे बसत नाहीत, आणि तरी कित्येकांचा जीव त्यांच्यातच अडकलेला असतो.

अमेरिकेत सत्तरच्या दशकात ओहोटी लागली. १९७३ ची तेलटंचाई आली, मोटारी आणि प्लॅस्टिक दोन्ही महागले, वार्षिक प्रोमोची प्रथा आटत गेली. गोंदावरही संशय आलेला होता. मुले तो हुंगतात म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस टेस्टर्स कंपनीने त्यात मोहरीचा झणझणीत अर्क मिसळला. जी मुले राहिली ती मोठी झाली, आणि त्यांतली काही परत आली. आजचा जीर्णोद्धारक आणि संग्राहक हा बहुधा असा परत आलेला माणूस असतो.

जीर्णोद्धाराची विद्या पाहण्यासारखी आहे. गोंदाने माखलेल्या बालहस्तकृतीला अमेरिकन मंडळी ‘ग्लू बॉम्ब’ म्हणतात. ती आधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात; थंडीने जुना गोंद ठिसूळ होतो आणि पातळ पाते घालून सांधे उकलता येतात. मग रंग उतरवायचा: ब्रेक ऑइलमध्ये गाडी बुडवून ठेवली की इनॅमल सुरकुत्या पडून सुटतो. चमकीचा थर साध्या ब्लीचने जातो. चिरा आणि खड्डे लांबीने भरायचे, पॉलिश पेपरने पाण्याखाली घासायचे. हरवलेला बंपर कुणाच्या तरी चांगल्या गाडीवरून सिलिकॉन रबराचा साचा घेऊन रेझिनमध्ये ओतायचा. पिवळी पडलेली डिकालची पाने खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवायची, काही दिवसांत ती पांढरी होतात. हे शेवटचे आम्ही स्वतः करून पाहिले आहे, आणि उन्हाने रंग उडवण्याऐवजी परत आणावा याचे नवल अजून ओसरलेले नाही.

या सर्वाचे ध्येय काय? कारखान्यातून निघाली असेल तशी गाडी. म्हणजे मुलाला वजा करायचे. त्याचा रंग, त्याचा गोंद, त्याने उलटे बसवलेले इंजिन हे सारे अपपाठ मानायचे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कुणी तिच्यात भर घालू नये अशी ताकीद दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत शेकडो श्लोक तळटिपांत आणि परिशिष्टांत गेले. पण गेले ते तळटिपांत. फेकले गेले नाहीत. संपादकाने वगळलेले वाचकाला पाहता येते. ब्रेक ऑइलमध्ये विरघळलेल्या रंगाला तळटीप नसते. जीर्णोद्धारकांशी आमचे भांडण आहे ते एवढेच, आणि त्यांच्यातल्या जाणत्यांनी आता काम सुरू करण्याआधी जुन्या अवस्थेची छायाचित्रे काढण्याचा रिवाज पाडला आहे, हे नमूद करायला हवे.

दुसऱ्या टोकाला न उघडलेल्या खोक्यांचे संग्राहक आहेत. प्लॅस्टिकचे वेष्टण फाटू नये, कोपरे दबू नयेत, आतले तुकडे कुणी पाहू नयेत. पाने न कापलेल्या पुस्तकांचे शौकीन आपल्याकडेही आहेत, म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र एक विसंगती सांगावीशी वाटते: एखादे दुर्मिळ किट कंपनीने पुन्हा काढले की जुन्या खोक्याचा भाव कोसळतो. आत तोच पाठ आहे, म्हणून. नवी छपाई आली म्हणून पहिल्या आवृत्तीचा भाव सहसा पडत नाही. इथे पडतो, कारण इथल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना अजून ग्रंथ वाचायचा आहे. हे आम्हांला या छंदाच्या प्रकृतीचे चांगले लक्षण वाटते.

आणि अलीकडे एक नवीच गोष्ट घडू लागली आहे. राउंड टूने साचे नष्ट झालेल्या काही किटांचे न जोडलेले जुने नग मिळवले, ते स्कॅन केले आणि त्यांवरून नवे साचे घडवले. १९६३ च्या शेव्ही नोव्हा स्टेशन वॅगनचे किट अशा रीतीने परत आले. प्रतीवरून मूळ प्रत! जुन्या साच्यातले गुणदोष यांत मुद्दाम जपले जातात. आजच्या यंत्रांना सहज जमेल अशी अचूकता नाकारली जाते, कारण गिऱ्हाइकाला १९६३ ची मोटार हवी असण्यापेक्षा १९६३ चे किट हवे असते. ज्या वस्तूची नक्कल म्हणून ही वस्तू जन्मली, ती मूळ वस्तू आता चित्रातून बाहेर गेली आहे.

राहिली आमची गॅलक्सी. लाल रंग उतरवला नाही. ओघळ, ठसा, सगळे आहे तसेच आहे. बंपरसाठी स्नेह्यांनी तिकडून रेझिनचा एक भाग पाठवला. तो मुद्दाम रंगवला नाही, म्हणजे नंतर घातलेला भाग कोणता हे पाहणाऱ्याला कळावे. चाक मात्र सहजी मिळेना. शेवटी मुंबईच्या एका प्रतिकृतिकाराने आपल्या उरलेल्या भागांच्या डब्यातून एक काढून दिले. घरी येऊन बसवले तेव्हा लक्षात आले की ते एकास चोवीसच्या किटमधले आहे. टेबलावर ठेवली की गाडी पुढच्या डाव्या बाजूला किंचित उचललेली दिसते.